चौकाचा कोपरा बदला, चालकाचा पाय बदलेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानाच्या बातम्या आपल्या अंकात येतात. शाळकरी मुलांची फेरी निघते, चौकात नियम पाळणाऱ्यांना गुलाबाचं फूल देतात, चालकांची नेत्रतपासणी होते. पीएमपीएमएलचा, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचा चालक म्हणून मीही त्या शिबिरांना बसलो आहे. नेत्रतपासणीचा उपयोग होतो. आमच्यातल्या काही जणांना चष्मा लागल्याचं तिथेच कळलं. पण त्या व्याख्यानांत एक गोष्ट कधी निघाली नाही. चालकाने सावकाश जावं, सिग्नल पाळावा, मोबाइल बाजूला ठेवावा, हे सगळं सांगितलं गेलं आणि ते बरोबरच आहे. पण ज्या रस्त्यावर तो गाडी घालतो, तो रस्ता त्याला काय करायला लावतो, हे कोणी विचारलं नाही. त्याविषयी लिहायचं म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. कापायचंच झालं तर चौकाच्या कोपऱ्याविषयी लिहिलंय तेवढं तरी राहू द्यावं, ही विनंती.

मी नोकरीला लागलो तेव्हा पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगवेगळ्या होत्या. २००७ साली दोन्ही मिळून पीएमपीएमएल झाली. माझी बरीच वर्षं स्वारगेट, कात्रज आणि हडपसर या पट्ट्यात गेली. केबिनमध्ये बसून जे शिकलो ते एवढंच की चालकाचा पाय त्याच्या डोळ्यांचं ऐकतो. समोर रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा दिसला की ॲक्सिलरेटर खाली जातो, मग कडेला पाटी तीसची असो की चाळीसची. लक्ष्मी रस्त्यावरून बस काढताना पाय सतत ब्रेकवर असायचा, कारण दोन्ही बाजूंना माणसं, दुकानं, वळणाऱ्या रिक्षा. तोच मी रात्री दहानंतर सोलापूर रस्त्यावर रामटेकडीच्या पुढे आलो की वेग मुद्दाम ताब्यात ठेवावा लागे. माणूस तोच, लायसन्स तेच, शिबिरही तेच. फरक रस्त्याच्या आकाराचा. सराव असलेल्या चालकाची ही गत, तर परवा लायसन्स मिळालेल्या मुलाला रिकामा सहापदरी रस्ता काय सांगत असेल?

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की शहरातला रस्ता असा आखावा की सावकाश जाणं हेच चालकाला सोपं वाटेल. आणि त्याची सुरुवात चौकाच्या कोपऱ्यापासून करावी.

पुण्यात बहुतेक मोठ्या चौकांत ‘लेफ्ट फ्री’ चालतं, म्हणजे सिग्नल लाल असला तरी डावीकडे वळणारे न थांबता जातात. कुठे तशी पाटी असते, कुठे नसते; नसली तरी लोक तसंच धरून चालतात. चौक ‘सुधारताना’ डावा कोपरा गोल आणि ऐसपैस काढतात, म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला थांबावं लागू नये. नकाशावर हे सोयीचं दिसतं. आता त्या कोपऱ्यावर उभं राहून पाहा. डावीकडे वळणारा चालक बघतो कुठे? उजवीकडे. कारण ज्या गाड्यांच्या ओघात त्याला शिरायचं असतं, त्या उजवीकडून येत असतात. मान उजवीकडे आणि गाडी डावीकडे. पायी माणूस मात्र डाव्या अंगाला, फूटपाथच्या टोकाशी, थेट पुढच्या चाकासमोर असतो. चालकाची नजर आणि त्या माणसाची जागा यांची गाठच पडत नाही. कोपरा काटकोनाच्या जवळचा असता तर वळताना गाडी जवळजवळ थांबवावी लागली असती आणि दोन्हीकडे मान वळवायला सवड मिळाली असती. गोल कोपऱ्याने ती सवडच काढून घेतली.

बसचं आणखी वेगळं. बारा मीटर लांबीची बस वळते तेव्हा पुढची चाकं एका वाटेने जातात आणि मागची चाकं त्या वाटेच्या आतून जातात. म्हणून बसचालक डावीकडे वळण्याआधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. तेवढ्यात डाव्या बाजूला एक मोकळी पट्टी तयार होते आणि मागून आलेला दुचाकीस्वार तीत शिरतो. त्याला वाटतं, बस उजवीकडे चालली. डाव्या आरशात तो दिसतो न दिसतो तोवर मागच्या चाकापाशी पोचलेला असतो. सायकलवाल्याचंही तेच, आणि सायकलवाला तर आरशात फारच उशिरा दिसतो. हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. दोघांनीही नियम मोडलेला नसतो असंही होतं. त्या कोपऱ्यावर दोघांनाही एकाच वेळी एकच जागा मोकळी दिसते, हा प्रश्न आहे.

लेफ्ट फ्री बंद करून कोपरा आवळला तर बस कशी वळणार, असं अभियंते विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तर आहे. ज्या रस्त्यात बस वळणार, तिथे समोरून येणाऱ्यांची थांबरेषा काही मीटर मागे घेतली की बसला पुढून जागा मिळते. आणि कोपऱ्याशी थोडा उंच, खडबडीत दगडी पट्टा ठेवता येतो. मोटारवाला त्यावर चाक घालायचं टाळतो, तेव्हा त्याच्यासाठी कोपरा तंग राहतो. बसचं मागचं चाक मात्र त्यावरून हळू निघून जातं. ही काही खर्चाची गोष्ट नाही. सुरुवातीला नुसते प्लास्टिकचे खांब आणि रंगाचे पट्टे लावून महिनाभर पाहता येईल. चालकांना विचारावं, कुठे चाक घासतं, कुठे वळत नाही. आमच्या डेपोत बसून चहा पितापिता कोणीही चालक पुण्यातल्या अवघड वळणांची यादी देईल.

माझ्या पत्नीचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्याबरोबर रोज थोडं चालणं हे माझं काम आहे. आम्ही धनकवडीत राहतो, त्यामुळे सातारा रस्ता ओलांडणं चुकत नाही. ती म्हणते, “अहो, हात सोडू नका, पण ओढूही नका.” एका सिग्नलला आम्ही नेहमी ओलांडतो. हिरवा माणूस लागतो, आम्ही निघतो, आणि लेफ्ट फ्रीवाले येतच राहतात. ती कापडी पिशवी डाव्या हातात घेते आणि उजव्या हाताचा तळवा गाड्यांना दाखवत एकेक पाऊल टाकते. दोन दुचाकी तिच्या पुढून जातात, तिसरी मागून. लेफ्ट फ्रीचा पट्टा ओलांडून मुख्य रस्त्यावर येईपर्यंत वेळ निम्मा संपलेला असतो. दुभाजकापाशी पोचतो तोवर हिरवा माणूस लुकलुकायला लागतो. दुभाजकाच्या मधे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी फट आहे, आणि तिची कड इतकी उंच की ऑपरेशन झालेला पाय वर घ्यायला तिला माझ्या खांद्याचा आधार लागतो. तिथे दोन्ही बाजूंनी गाड्या जात असताना आम्ही पुढच्या सिग्नलची वाट बघत उभे राहतो. बसच्या केबिनमधून हा दुभाजक मी हजारदा पाहिला असेल. तिथे उभ्या माणसाला वाऱ्याचा झोत कसा लागतो, हे वरून कळत नाही.

सिग्नलच्या वेळेचा हिशेब साधा आहे. चालणाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. २४ मीटर रुंदीच्या रस्त्याला त्या हिशेबाने २० सेकंद पुरतात. पण गुडघे दुखणारी बाई, काठीवाले आजोबा, कडेवर मूल घेतलेली आई सेकंदाला ०.७ मीटरने चालते असं धरलं तर त्याच रस्त्याला ३४ सेकंद लागतात. म्हणजे सिग्नल बनवतानाच आपण ठरवून टाकतो की हा रस्ता धडधाकट माणसांसाठी आहे. बाकीच्यांनी १४ सेकंद जीव मुठीत धरून काढायची. माझी मागणी अशी की रुग्णालय, मंडई, शाळा आणि मोठ्या बसथांब्याजवळचे सिग्नल सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने लावावेत, आणि पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असताना लेफ्ट फ्रीसह सगळे बंद असावेत. दुभाजकात व्हीलचेअर उभी राहील एवढी सपाट जागा हवी, रस्त्याच्याच पातळीवर.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे पादचारी पूल. मुंबईत २००८ साली वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला आणि मग ती लाटच आली. पुण्यातही पूल आणि भुयारी मार्ग झाले. खालून बस-ट्रक जावेत म्हणून पूल पाचसाडेपाच मीटर तरी वर लागतो, म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. धडधाकट माणूसही घाईत ते टाळतो, मग खालून पळतो आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो. ज्यांना चढताच येत नाही त्यांनी काय करायचं? रेल्वेचे रूळ किंवा महामार्ग असेल तिथे पूल ठीक आहे. शहरातल्या रस्त्यावर चढ-उतार गाडीने करावा, माणसाने नाही. झेब्रा फूटपाथच्याच उंचीवर आणावा. माणूस सपाट चालत जाईल आणि गाडी हळू होऊन वर चढेल, खाली उतरेल.

इथे स्पीडब्रेकरबद्दल एक सांगतो, कारण त्यांचा त्रास आम्ही चालकांनी आणि मागच्या बाकावरच्या प्रवाशांनी भोगला आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावा. आपल्याकडे बघावं तर एका हाताच्या रुंदीचे उंचवटे, रंग उडालेला, रात्री दिसत नाहीत. त्यावरून बस गेली की मागच्या बाकावरचा माणूस हवेत उडतो. पाठीचे मणके दुखावलेले प्रवासी मी पाहिले आहेत. दुचाकीवाला तो चुकवायला कडेने जातो आणि तिथे पायी माणूस असतो. असे उंचवटे काढून टाकावेत आणि जिथे माणसं ओलांडतात तिथे पसरट, मापात बांधलेले उंच झेब्रे करावेत. बसला त्यांचा त्रास होत नाही, हे मी चालक म्हणून खात्रीने सांगतो.

आता थांब्यांकडे येतो. बसथांबा हा रस्त्यावरचा सगळ्यात गर्दीचा कोपरा, आणि आखणीत सगळ्यात दुर्लक्षित. थांब्यासमोर रिक्षा उभी, बाजूला दुचाकी लावलेल्या, फूटपाथवर डीपीचा डबा. बस कडेला टेकवताच येत नाही. लो फ्लोअर बस घेतल्या त्या पायरी न चढता आत जाता यावं म्हणून. पण बस फूटपाथपासून दीड मीटर दूर उभी राहिली तर प्रवाशाला आधी फूटपाथवरून खाली उतरावं लागतं आणि मग रस्त्यावरून वर चढावं लागतं. म्हणजे लो फ्लोअरचा फायदा संपला. त्यातच डाव्या बाजूने, फूटपाथ आणि बस यांच्या मधून दुचाकी जाते, नेमकं दार उघडलेलं असताना. वाहक ओरडतो, “ओ दादा, थांबा की!” पण तोवर ती गेलेली असते. याला उपाय म्हणजे थांब्यापाशी फूटपाथच पार्किंगच्या रुंदीएवढा रस्त्यात पुढे आणावा. मग बस सरळ रेषेत येऊन टेकते, रिक्षाला उभं राहायला जागा उरत नाही आणि दुचाकीला मधून जायला फट उरत नाही. उभं राहणाऱ्यांना जागाही वाढते.

दुसरं, थांबा झेब्राच्या अलीकडे नको, पलीकडे हवा. उतरलेल्या माणसाला घाई असते, तो जवळचा रस्ता धरतो. थांबा झेब्राच्या अलीकडे असेल तर तो बसच्या पुढून ओलांडतो. बसचालकाला तो दिसतो, तो थांबतो. पण बसला उजवीकडून ओलांडणाऱ्या मोटारसायकलला तो माणूस बसच्या आडून एकदम समोर आलेला दिसतो. चालक म्हणून सगळ्यात भीती वाटायची ती या क्षणाची. आपण ब्रेक दाबून थांबलेलो असतो, खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबा म्हणत असतो आणि आरशात एक दिवा वेगाने जवळ येत असतो. थांबा झेब्राच्या पुढे असेल तर उतरलेला माणूस बसच्या मागून, झेब्रावरून जातो आणि येणाऱ्या गाड्या त्याला दिसतात, तोही त्यांना दिसतो. एवढी साधी गोष्ट. सातारा रस्त्यावर डिसेंबर २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे जलद बससेवा सुरू झाली तेव्हा बससाठी मधली मार्गिका दिली, ते मला पटलं होतं. बसला स्वतःची वाट मिळाली की चालक शांत राहतो. पण थांबे रस्त्याच्या मध्यावर गेले आणि तिथपर्यंत पोचायची पायवाट मात्र तेवढ्या काळजीने केली गेली नाही. बसची वाट आखताना बसपर्यंतची वाट हा त्याच कामाचा भाग धरला पाहिजे.

वेगाबद्दल बोलायचं तर थोडं गणित सांगतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद जातो, असं धरू. ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार त्या सेकंदात ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, एकूण १३ मीटरच्या आसपास थांबते. ताशी ५० ने जाणारी मोटार त्या एका सेकंदातच १४ मीटर गेलेली असते आणि थांबायला २८ मीटर घेते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीने ब्रेकसुद्धा दाबलेला नसतो. समोर मूल असेल तर ती पूर्ण वेगाने त्याच्यावर जाते. बसचं याहून कठीण, कारण उभ्या प्रवाशांनी भरलेल्या बसला करकचून ब्रेक लावताच येत नाही. लावला तर आतली म्हातारी माणसं दांड्यावर आपटतात. म्हणून बसचालक पुढे अंतर सोडतो, आणि सोडलेल्या अंतरात लगेच दुचाकी येऊन बसते.

२०२० साली स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा असावी, असं म्हटलं आहे. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० पर्यंत मुभा आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली ती कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे. हेलसिंकी शहरात जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षभरात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. तिथल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. तिथली थंडी, तिथली गर्दी वेगळी हे मान्य, पण गाडी थांबायला लागणारं अंतर तिथेही तेवढंच आणि इथेही तेवढंच.

वेग कमी केला तर कोंडी वाढेल, असं लोक म्हणतात. वेळापत्रकामागे धावण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे विचारा. दोन सिग्नलमधलं अर्धा किलोमीटर ५० ने गेलं तर ३६ सेकंद, ३० ने गेलं तर ६०. वाचलेले २४ सेकंद पुढच्या लाल दिव्यापाशी उभं राहून जातात. शहरात उशीर होतो तो चौकात, दुहेरी पार्किंगमुळे आणि राँग साइडने आलेल्यांमुळे. मला ओव्हरटेक करून गेलेला मोटारसायकलवाला पुढच्या सिग्नलला माझ्या बसच्या दारापाशीच उभा असलेला मी रोज पाहिला आहे.

मरतं कोण, तेही बघावं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५. दुचाकीस्वार जवळजवळ ४४.५ टक्के. दोन्ही मिळून दर तिघांत जवळपास दोघे. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जण गेले. ज्यांच्याभोवती पत्र्याची पेटी नाही ते मरतात, आणि रस्ते आपण पेटीत बसलेल्यांच्या सोयीने रुंद करतो. हेल्मेट घातलंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पुण्यात त्याला विरोध होतो याचं मला वाईट वाटतं. पण पायी चालणाऱ्या आजीने काय घालावं?

पुणे महापालिकेला हे काही नवीन नाही. २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्ते आखणीच्या मार्गदर्शक सूचना झाल्या. जंगली महाराज रस्त्यावर २०१७ च्या सुमारास फूटपाथ रुंद झाले, झाडांखाली बाकं आली. तिथे म्हातारी माणसं निवांत बसलेली दिसतात आणि मला ते बघून आनंद होतो. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन झाला. म्हणजे करायचं ठरवलं तर येतं. मात्र चांगला रस्ता हा दाखवायच्या दोन-चार ठिकाणांपुरता राहिला. कात्रज, हडपसर, वारजे, विश्रांतवाडी इथल्या माणसाला फूटपाथ मिळाला तर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तो खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. गल्लीच्या तोंडाशी फूटपाथ तसाच सपाट पुढे नेला पाहिजे.

न्यायालयानेही आता सांगितलं आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, चालायला योग्य फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं. हा खटला कोइमतूरच्या एका अस्थिरोग शल्यविशारदाने २०१२ साली दाखल केलेल्या याचिकेतला. मोडलेली हाडं जोडणाऱ्या डॉक्टरला कोर्टात जावंसं वाटलं, यातच सगळं आलं. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पादचाऱ्यांविषयीचे नियम सहा महिन्यांत करायला सांगितले. ते नियम मराठीत, सामान्य माणसाला कळतील असे, लोकांपुढे यावेत. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं आहे. ठरलेले सुरक्षिततेचे निकष न पाळता रस्ता आखला, बांधला किंवा राखला आणि त्यामुळे कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवाच्या मानाने एक लाख काहीच नाहीत. पण ते कलम कोणावर लागल्याची बातमी माझ्या वाचनात आलेली नाही. चालकावर मात्र गुन्हा त्याच दिवशी दाखल होतो.

आणि इथे, संपादकसाहेब, आपल्याकडे एक मागणं आहे. रस्त्यावर माणूस गेला की बातमी येते: भरधाव वाहनाची धडक, पादचारी महिलेचा मृत्यू, चालक ताब्यात. ती खरी असते, पण अपुरी असते. ती बाई कुठून कुठे जात होती? जवळचा झेब्रा किती लांब होता? होता तर त्यावरचा रंग दिसत होता का? पथदिवा चालू होता का? रस्ता किती पदरी, दुभाजकात थांबायला जागा होती का? तिथे लेफ्ट फ्री आहे का? त्याच जागी आधी कोणी गेलं होतं का? आपल्या वार्ताहराने पोलिसांच्या जबाबाबरोबर एवढं पाहून लिहिलं, सोबत जागेचा एक फोटो छापला, तर वाचकाला कळेल की चालक चुकला का आणि रस्ताही चुकला का. दोन्ही असू शकतं. पण आज वाचकापर्यंत फक्त पहिलं पोचतं, आणि महापालिकेच्या पथ विभागाला कोणी काही विचारत नाही. सहा महिने अशा बातम्या आल्या तर कोणत्या चौकाचा कोपरा आधी आवळायचा, हे ठरवायला वेगळी समिती लागणार नाही.

पथ विभागाचा कोणी अभियंता किंवा वाहतूक शाखेचा अधिकारी सकाळी साडेआठच्या गर्दीत चौकात यायला तयार असेल, तर मी माझ्याबरोबर दोन निवृत्त चालक आणि एक वाहक घेऊन येतो. कुठे बसचं मागचं चाक येतं, कुठे आरशात माणूस दिसत नाही, थांबा कुठे सरकवायला हवा, हे खडूने रस्त्यावर आखून दाखवू. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
पीएमपीएमएलचा एक निवृत्त चालक
धनकवडी, पुणे